वार, पंगत आणि रोमकरांस लिहिलेले पत्र

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. कुठे नांगर टाकावा, कुठे काय खपते, कुठून काय भरून आणावे, असा तिचा रोखठोक व्यापारी मजकूर आहे. कल्याण आणि चौल मागे टाकून दक्षिणेकडे निघालेल्या जहाजांना लागणाऱ्या ठिकाणांत तिने 'सेसेक्रिएनाय' नावाची बेटे नोंदवली आहेत. ही बेटे म्हणजे वेंगुर्ल्यासमोरचे खडक, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे मिरी भरायला मलबारकडे जाणारे ग्रीक बोलणारे खलाशी आजच्या मालवण-वेंगुर्ल्याच्या समोरून जात होते. त्याच काळात, सन ५७ च्या सुमारास, ग्रीसमधल्या करिंथ शहरात पौल नावाचा एक यहुदी माणूस त्याच बाजारपेठी ग्रीक भाषेत एक लांबलचक पत्र सांगत होता आणि तर्तियुस नावाचा लेखनिक ते उतरवून घेत होता. पत्र रोम शहरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी होते. या किनाऱ्यासमोरून जाणाऱ्या भाषेत लिहिलेले ते पत्र या किनाऱ्याच्या भाषेत यायला मात्र सतराशे वर्षांहून अधिक काळ लागला. अंतर आणि लिपी ही त्या उशिराची उघड कारणे. त्यांच्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते ताटावर काय वाढले जाते याच्याशी जोडलेले आहे.

हे पत्र का लिहावे लागले ते आधी पाहू. पौल तोवर रोमला गेलेला नव्हता. तिथल्या मंडळ्या त्याने स्थापलेल्या नव्हत्या, त्या घराघरांतून भरत. सन ४९ च्या सुमारास सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून बाहेर काढले. तंबू शिवण्याचा व्यवसाय करणारे अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे त्या वेळी बाहेर पडून करिंथला आले आणि तिथे पौल त्यांच्याच घरी राहून त्यांच्याबरोबर काम करू लागला. सन ५४ मध्ये क्लौद्य वारला आणि हद्दपार माणसे हळूहळू परतली. मधल्या काळात रोमच्या मंडळ्यांत यहुदी नसलेल्यांचे प्राबल्य झाले होते. परतलेल्यांना आपलीच घरे परकी वाटू लागली असतील, आणि तंटा उठला तो तत्त्वज्ञानावरून नव्हे, जेवणावरून. बाजारातले मांस मूर्तीपुढे चढवलेले असण्याचा संभव होता आणि यहुदी नियमाप्रमाणे कापलेले मांस सहज मिळत नव्हते. त्यामुळे काहींनी मांस सोडून भाजीपाल्यावर राहणे पसंत केले. काही जण विशिष्ट दिवस पाळत, काहींना सगळे दिवस सारखे. खाणारे न खाणाऱ्यांना कच्चे समजत, न खाणारे खाणाऱ्यांना भ्रष्ट. पत्राचा चौदावा अध्याय या तंट्यावर आहे. पौल स्वतः खाणाऱ्यांच्या बाजूचा आहे, कोणताही पदार्थ मुळात विटाळलेला नसतो असे तो उघड म्हणतो. पण निकाल देताना तो दोघांनाही बांधतो. न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, आणि आपल्या जेवणामुळे दुसऱ्याचे मन मोडत असेल तर समर्थाने हात आखडता घ्यावा.

सिंधुदुर्गातल्या वाचकाला या अध्यायासाठी टीकाग्रंथ लागत नाही. सोमवारी आणि गुरुवारी चुलीवर मासळी चढत नाही, श्रावणात सुरमईचा भाव कोण विचारतो, आणि 'आज वार हा' एवढे एक वाक्य पाहुण्याला पुरते. कोण कोणाकडचे पाणी घेतो, कोणाच्या पंगतीला बसतो, कोणाच्या घरचा फराळ चालतो पण भात चालत नाही, या हिशेबांवर इथल्या गावांचे व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालले. पहिल्या शतकातल्या रोमचा तो तंटा कोकणाला जन्मापासून ठाऊक आहे. म्हणूनच माझे म्हणणे असे की हे पत्र मराठी माणसाच्या श्रद्धेत खोल उतरले ते त्याने स्वतःच्या पंगतीचा प्रश्न घेऊन ते वाचले तेव्हा. पत्र ज्यांच्या हाती होते त्यांनी हा प्रश्न बाजूला ठेवला तेव्हा ते त्यांच्याही हातात मुके राहिले.

पहिला पुरावा शेजारच्या गोव्याचा. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षे बहुतेक साष्टीत राहिला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर इथे छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत पण मराठीत आहे. ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्सने एक प्रसंग रचला आहे. प्रश्नोत्तरी शिकून झालेल्या नवख्रिस्ती लोकांतला एक जण पाद्रीला विचारतो, की हे ठीक, पण पूर्वी आम्ही पुराणे ऐकत होतो, त्यांच्या जागी आम्हाला काही मिळेल काय? ही मागणी खरी होती. जुनी पोथी हातातून गेली होती आणि नवी मिळालेली नव्हती. स्टीफन्सने ती ओवीत दिली आणि ज्ञानदेव-एकनाथांच्या छंदात पहिल्यांदाच बेथलेहेमची गोष्ट उभी राहिली. पुढे एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने संत पेत्राच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ लिहिला, तोही सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यातच छापला गेला. हे काम फार मोलाचे आहे. पण या पुराणांतून कथा आली, पत्र आले नाही. ख्रिस्ताचा जन्म, चमत्कार, मरण आणि पुनरुत्थान ऐकायला मिळाले. मंडळीतली भांडणे, माघार, समजूत, कोणी कोणाबरोबर जेवावे याचा वाद, हे सगळे ज्या मजकुरात आहे तो लॅटिनमध्ये राहिला. कथा ऐकणारा हात जोडतो. पत्र वाचणारा उलट प्रश्न विचारू शकतो, आणि त्या काळच्या गोव्यात उलट प्रश्नाला जागा नव्हती.

याचा परिणाम १७३६ मध्ये स्पष्ट दिसतो. गोव्यात १५६० पासून बसलेल्या इन्क्विझिशनने त्या वर्षी एक सविस्तर फर्मान काढले. ख्रिस्ती झालेल्यांच्या घरात कोणत्या जुन्या चालीरीती चालणार नाहीत याची त्यात यादी होती. तीत लग्नातली गाणी होती, पोशाख होता, दारातली तुळस होती, आणि मीठ न घालता भात शिजवण्याची रीतही होती. हिंदू घरात भात आळणी शिजे, म्हणून ख्रिस्ती घरात तो तसा शिजता कामा नये. भाताच्या टोपातल्या चिमूटभर मिठावरून एखाद्या बाईची श्रद्धा ठरवणारी ही सत्ता पौलाला प्रेषित मानत होती, त्याची पत्रे वेदीवरून वाचत होती, आणि त्याच्या चौदाव्या अध्यायाच्या बरोबर उलट वागत होती. करांचा बोजा, दुष्काळ, लढाया आणि हा धाक या सगळ्यांमुळे गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबे कारवार-मंगळूरकडे उतरली तशी उत्तरेला सावंतवाडी संस्थानातही आली. आजच्या सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती वस्तीचा मोठा भाग या स्थलांतरातून घडला. ती माणसे येताना कोंकणी प्रार्थना, सणांचे दिवस, घरातले क्रूस आणि जातींची नावेही घेऊन आली. बामण, चारडी, सुदिर हे भेद बाप्तिस्म्याने पुसले गेले नव्हते. मीठ तपासणाऱ्या धर्मसत्तेने पंगतीतली उतरंड मात्र मोडली नव्हती.

पत्राचा मराठी अनुवाद अखेर झाला तो या किनाऱ्यापासून दूर, बंगालमध्ये. श्रीरामपूरला विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला मराठी नवा करार १८११ मध्ये छापून निघाला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुन्हा मुळापासून काम केले आणि त्यांचा मराठी नवा करार १८२६ मध्ये पुरा झाला. त्यांच्यातला गॉर्डन हॉल त्याच वर्षी नाशिकच्या वाटेवर पटकीने वारला. आता पत्र मराठीत होते, छापील होते आणि फुकटही मिळत होते. तरी ते वाचले गेले असे म्हणता येत नाही. १८४३ ची मुंबई हेच सांगते. त्या सप्टेंबरात नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही स्कॉटिश मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या हवाली केला. कायद्याचा प्रश्न तिथे संपला आणि जेवणाचा सुरू झाला. पोर मिशनऱ्यांच्या घरी जेवले होते. त्याला ब्राह्मणांच्या पंगतीला पुन्हा घ्यायचे की नाही? देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे सुपुत्र, 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्यामागे उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन मुलाला घ्यावे, या मतासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. हा वाद बराच काळ धुमसत राहिला. त्यात एक गोष्ट नजरेत भरते. मिशनरी आणि सनातनी हे एकमेकांचे कट्टर विरोधक, पण एका मुद्द्यावर त्यांचे एकमत होते, की घशाखाली गेलेला घास माणसाचा धर्म ठरवतो. मिशनरींना तो घास जातीचे जोखड तुटल्याची खूण वाटे, सनातन्यांना धर्म बुडाल्याची. पौल या दोघांनाही थांबवणारा होता. बाळशास्त्री त्याच्या धर्माचे नव्हते. तरी त्या वादात पौलाच्या निकालाच्या सर्वांत जवळ तेच होते, कारण घासापेक्षा मुलगा मोठा हे त्यांना दिसत होते.

घासाची ही परीक्षा सुधारकांनीही सोडली नाही. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. तीत प्रवेश घेणाऱ्याला जात मानत नाही हे सिद्ध करण्यासाठी ख्रिस्ती पाववाल्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. बेळगावचे बाबा पदमनजी त्या मंडळात होते. पुढे १८५४ मध्ये ते उघडपणे ख्रिस्ती झाले आणि 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी या दिवसांविषयी लिहिले. सभा अखेरपर्यंत गुप्त राहिली आणि सभासदांची यादी बाहेर फुटण्याच्या भीतीने १८६० मध्ये मोडली. बंद दाराआड खाल्लेला पाव बाहेरच्या पंगतीत काहीच बदलू शकला नाही.

हा प्रश्न घेऊन पत्राच्या तळाशी जाण्याचे धैर्य दाखवले ते पंडिता रमाबाईंनी. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी कोकणस्थ घराण्यातली. घराणे मंगळूरच्या बाजूला स्थायिक झालेले, तिचा जन्म १८५८ चा गंगामूळच्या अरण्यातला. १८८३ मध्ये ती इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे तिने बाप्तिस्मा घेतला. तिच्या मनातल्या शंकांना उत्तरे देण्यात नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या मराठी लेखनाचा मोठा वाटा होता. पण बाप्तिस्मा झाला म्हणून ताट बदलले नाही. रमाबाई शाकाहारी राहिल्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीचा अभिमान उरल्याचे दिसे. १८८५ च्या सुमारास दोघींत झालेला पत्रव्यवहार पुढे संग्रहरूपाने प्रसिद्ध झाला आणि तो आजही वाचावा असा आहे. रमाबाईंचे उत्तर शांत आणि अढळ होते. उद्या एखादी इंग्रज बाई हिंदूंच्या वस्तीत राहायला गेली आणि कुणालाही न दुखवणारे आपले खाणेपिणे तिने चालू ठेवले, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय, असे त्यांनी विचारले. याच काळात त्यांनी हेही कळवून टाकले की ख्रिस्ती मंडळीची सभासद झाले म्हणजे धर्मगुरूंच्या तोंडचा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. रोमच्या मंडळीतला भाजीपाला खाणारा माणूस बोलता झाला असता तर वेगळे काय म्हणाला असता? फरक एवढाच की पौलाने त्याला दुर्बल म्हटले होते, आणि वाँटेजमध्ये भाजी खाणारी व्यक्ती त्या घरातली विश्वासाने सर्वांत निर्भय स्त्री होती.

१८८९ च्या मार्चमध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथे येणाऱ्या ब्राह्मण विधवांना सोवळेओवळे पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो पत्रांतूनच उभा राहतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल अंत्युखियातली एक घटना सांगतो. पेत्र आधी यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत होता, यरुशलेमेकडची माणसे आल्यावर भीतीने तो त्या पंगतीतून उठला आणि पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावले. मग शारदा सदनातले वेगळे सोवळे म्हणजे पेत्राचे उठून जाणेच नव्हे काय? जातीशी केलेली ती तडजोडच नव्हे काय? आक्षेप वरवरचा नाही, पण दोन्ही पत्रे शेजारी ठेवली की त्याचे उत्तर सापडते. अंत्युखियात उठला तो बलवान माणूस, मंडळीचा आधारस्तंभ. त्याच्या उठण्याने मागे बसलेले हलके ठरले, म्हणून पौल चिडला. रोमकरांस लिहिताना त्याची काळजी वेगळी आहे, ज्याचा जीव अजून भीतीत अडकला आहे त्याला बलवानाने ढकलू नये. शारदा सदनाच्या दारात उभी असलेली बालविधवा जातीने उंच होती आणि आयुष्यात तिच्याएवढे निराधार कोणी नव्हते. डोक्याचे केस गेले, अलवण आले, घरात सावलीचाही अपशकुन मानला गेला. सोवळे तेवढे तिचे स्वतःचे म्हणावे असे उरले होते. दोन अक्षरे शिकायची तर तेही आधी सोड, अशी अट घालणे म्हणजे तिच्या निराधारपणाचा सौदा करणे होते. ज्या बाईने स्वतःच्या ताटासाठी आश्रयदात्या भगिनींशी वाद घातला तिला हे समजणे अवघड नव्हते.

ही भूमिका सोयीपोटी घेतलेली नव्हती, हे पुढच्या घटनांवरून ठरते. १८९३ मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्याचा गवगवा झाला. रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक मुली घरी नेल्या गेल्या. रमाबाई स्वतः कशा जगतात हे त्यांनी लपवले नव्हते आणि त्या माघारही घेणार नव्हत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून भुकेने मरणाऱ्या मुलींना घेऊन केडगावला आल्या आणि मुक्ती सदन उभे राहिले. तिथे जातींची गणना करून वाढणे शक्य नव्हते आणि रमाबाईंनी ते केलेही नाही. ज्यांना सोवळे हवे त्यांचे राखायचे, पण त्या सोवळ्यापायी उपाशी मुलीला मागे बसवायचे नाही. रोमचा अध्याय आणि अंत्युखियाचा प्रसंग हे दोन्ही एकाच बाईच्या आयुष्यात असे एकत्र आलेले दिसतात.

आणि त्यांनी पत्र स्वतः वाचायचे ठरवले, मुळातून. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे वाटल्याचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्या अपुरेपणातून पुढचा सगळा अभ्यास निघाला. वेदशास्त्रांत मुरलेली ही पंडिता उतारवयात ग्रीक आणि हिब्रू शिकली आणि तिने संपूर्ण बायबलाचा नवा मराठी अनुवाद हाती घेतला. प्रचलित अनुवादाची भाषा त्यांना जड वाटे. केडगावच्या मुलींना, दुष्काळातून आलेल्या खेड्यातल्या बायकांना वाचून समजावे असा मजकूर त्यांना हवा होता. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या त्या मुलीच होत्या, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही तिथेच झाली होती. इथे पत्राच्या शेवटच्या अध्यायाची आठवण होणे साहजिक आहे. पौलाचे पत्र करिंथच्या किंख्रिया बंदरातून रोमला पोहोचवले ते फीबी नावाच्या स्त्रीने, असे अभ्यासक मानतात. शिवाय ज्यांना नावाने सलाम पाठवले आहेत त्यांत प्रिस्किल्ला, मरिया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस अशा स्त्रिया आहेत. पत्र त्या काळी मोठ्याने वाचायचे असे, त्यामुळे ते आणणाऱ्या फीबीलाच लोकांनी शंका विचारल्या असतील. मराठीत ते मुळातून आणणारी बाईच होती आणि जुळवणाऱ्याही बायकाच. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. अनुवाद त्यांनी तोवर पुरा केला होता, आणि तो छापून १९२४ मध्ये बाहेर आला.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. एवढे होऊनही ख्रिस्ती समाजातली जात गेली का? गोव्यात आणि कोकणात सोयरीक ठरवताना अजून घराणे विचारले जाते, आणि देशावर ख्रिस्ती झालेल्या दलितांना चर्चमध्येही दुय्यमपणा सोसावा लागला आहे. मग एका बाईच्या अभ्यासाने काय साधले? हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आक्षेप पत्राला लागू पडतो की न वाचण्याला, हे तपासायला हवे. गोव्याच्या धर्मसत्तेने ते वाचू दिले नाही, मुंबईच्या वादात ते कोणी पुढे आणले नाही, परमहंसांनी त्याऐवजी पावाचा तुकडा घेतला. जिथे ते प्रश्नासह वाचले गेले तिथे निदान एक स्वयंपाकघर बदलले, आणि त्या स्वयंपाकघरातून शेकडो मुली जेवून उठल्या.

आज सावंतवाडीत २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांताचे केंद्र आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली आणि पत्रांचे उतारे रविवारी कोंकणी-मराठीत ऐकू येऊ लागले. तीन वर्षांच्या वाचनचक्रात पहिल्या वर्षी अनेक आठवडे रोमकरांस लिहिलेले पत्रच चालते. त्यातला चौदावा अध्याय चोविसाव्या सामान्य रविवारी येतो. २०२३ मध्ये तो रविवार १७ सप्टेंबरला होता, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी. २०२६ मध्ये तो १३ सप्टेंबरला येतो, चतुर्थीच्या आदल्याच दिवशी. सिंधुदुर्गात याच दिवसांत घरोघरी शिवराक जेवण चालू असते, शेजारी एकमेकांकडे मोदक नि करंज्या पाठवतात, आणि काय घ्यावे, काय घेऊ नये हा प्रश्न हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत सावधपणे पण नक्की उठतो. त्या दिवशीचे ठरलेले वाचन मात्र अध्यायाच्या सातव्या वचनापासून सुरू होते. भाजी खाणाऱ्याचे, न्याय न करण्याचे आणि वार पाळण्याचे पहिल्या सहा वचनांतले बोलणे रविवारच्या चक्रात कधीच येत नाही. बायबल अभ्यासाचे जे गट किनाऱ्यावर भरतात, त्यांनी त्या आठवड्यात पहिल्या वचनापासून वाचायला घ्यावे, आणि त्याच बैठकीत आपल्या वाडीत कोणाच्या घरचा घास आपण आजही परत पाठवतो हेही मोकळेपणाने बोलावे.